मधली शिवण

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. माझ्या मुलीपाशी नाही, नणंदेपाशी नाही, आणि ज्या माणसाशी बोलायला हवं होतं तो तर आता नाहीच. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ऐकून झाल्यावर माझ्याशी कसं वागायचं हा प्रश्न तुम्हाला पडणार नाही. एक मात्र आधीच सांगून ठेवते — माझी कीव आली तर ती तुमची तुम्ही ठेवा. राग आला तर तोही ठेवा. मला दोन्ही नकोत.

गोष्ट एका चादरीची आहे. हसलात? हसा. मागच्या महिन्यापर्यंत मलाही वाटायचं, चादरीचं काय एवढं सांगायचं कुणाला.

मागच्या महिन्यात दादरला एका हॉलमध्ये जुन्या घरगुती कापडांचं प्रदर्शन होतं. माझी मुलगी प्रज्ञा विमा कंपनीत नोकरी करते, तिच्या मैत्रिणीने ते भरवलं होतं. गोधड्या, क्रोशाचे रुमाल, कुणाच्या तरी आजीने टाके घातलेले अभ्रे, विरलेल्या लुगड्यांचे पडदे. तरुण पोरी ते कापड गालाला लावून बघत होत्या. पूर्वीच्या बायका काही म्हणजे काही वाया घालवायच्या नाहीत, किती प्रेम होतं त्यात, असं एकमेकींना सांगत होत्या. आणि हॉलच्या मधोमध आमची चादर — पांढरीशुभ्र, निळ्या काठाची — बांबूवर टांगलेली. मागून दिवा लावला होता. खोटं कशाला बोलू, सुंदर दिसत होती.

प्रज्ञा तिच्या शेजारी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, की ही माझ्या बाबांनी आईसाठी आणली, गिरणीत होते तेव्हा. आणि आईने ती इतकी जपली की कधी अंगाखाली घेतली नाही, बाबा गेल्यावर तर नाहीच. लोक वळून माझ्याकडे बघायचे. एका मुलीने येऊन माझा हात हातात घेतला. डोळे भरले होते तिचे. मी हसले. म्हणजे तिथेही खोटंच बोलले मी — तोंड न उघडता.

आता पहिल्यापासून सांगते.

आम्ही नायगावच्या बीडीडी चाळीत राहायचो. एक खोली, बाहेर गॅलरी, टोकाला सगळ्यांचे नळ. माझे मिस्टर, महादेव, लालबागच्या एका गिरणीत फोल्डिंग खात्यात होते. तयार कापड मोजायचं, घडी घालायची, शिक्का मारायचा. घरात जे कापड यायचं ते सगळं तिथलंच — सेकंडचा माल. कुठे धागा चुकलेला, कुठे तेलाचा डाग, कुठे काठच वाकडा. कामगारांना स्वस्तात मिळायचं. पडदे सेकंडचे, अभ्रे सेकंडचे, प्रज्ञाचे फ्रॉकसुद्धा. डाग कुठे लपवायचा, चुकलेला धागा कुठल्या चुणीत घालायचा हे मला न बघता जमायचं. मी घरी साड्यांना फॉल-बीडिंग करायचे, मशीनवर हात बसलेला होता.

आणि चादरी! त्या पोरी म्हणत होत्या ते अगदीच खोटं नाही हो. त्यात मजा होती. नवी चादर आली की आधी फक्त पाहुण्यांना. मग रोजची. माणूस झोपतो मधेच, त्यामुळे मधला भाग विरतो आणि कडा तशाच करकरीत राहतात. तो असा जाळीसारखा दिसायला लागला की मी चादर उभी मधोमध फाडायचे. फाडताना टर्रर्र आवाज येतो ना, तो मला फार आवडायचा. मग दोन्हीकडच्या घट्ट कडा मधे घेऊन तिथे शिवण मारायची, विरलेला भाग बाहेर. झाली चादर परत उभी. त्यानंतर तिचे अभ्रे व्हायचे. अभ्रे फाटले की प्रज्ञाची दुपटी. मग भाकऱ्यांच्या टोपलीतलं फडकं, मग ओट्यावरचं मसोतं, शेवटी लादी पुसायला. लादी पुसताना एखाद्या दिवशी हातातल्या फडक्याचा काठ दिसायचा आणि ओळख पटायची, अरे, ही तर अमुक वर्षीची. चाळीतल्या बायका माझ्याकडे शिकायला यायच्या. सुमनच्या घरातला चिंधीचा तुकडासुद्धा कामावर असतो, असं म्हणायच्या. मला ते ऐकायला आवडायचं. अजूनही आवडतं.

ती मधली शिवण लक्षात ठेवा. मी तिच्याकडेच चालले आहे. जरा वळसा पडतोय एवढंच.

तर एका वर्षी बोनस बरा झाला आणि महादेव घरी एक जाड पाकीट घेऊन आले. आत दोन चादरी. जोडी. परदेशी जाणारा माल, एक धागा इकडचा तिकडे नाही. हात फिरवला तर कापड थंड लागायचं. उलगडून बघतो तर डबल बेडची! आमच्या घरात खाट एकच, तीही अरुंद, तिच्यावर सासरे झोपायचे. आम्ही खाली. मी म्हटलं, अहो, ही अंथरायची कुठे, गॅलरीत? ते हसले. म्हणाले, "असू दे गं. एकदा तरी घरात अव्वल असू दे."

अव्वल. त्या दिवसापासून तिचं नावच ते पडलं. चौदा एप्रिलला घरी माणसं यायची तेव्हा खाटेवर दुहेरी घालून अंथरायची, पाहुणे उठले की काढायची. हलकी नीळ द्यायची, उन्हात वाळवायची, घडी करून पत्र्याच्या ट्रंकेत. डांबराच्या गोळ्या टाकून ट्रंक माळ्यावर.

महादेव वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर हे सगळं सांगणं सोपं जाईल, पण ते खरं नाही. त्यांनी कधी हात उचलला नाही. पगार घरी आणायचे. मुलगी झाली म्हणून तोंड वाकडं केलं नाही. उलट तिला खांद्यावर घेऊन गॅलरीभर फिरायचे. फक्त — मला कधी विचारलं नाही. कशातच. गावी काय पाठवायचं, मुलीला कुठल्या शाळेत घालायचं, माझ्या बांगड्या कधी मोडायच्या — सगळं ठरवून यायचे आणि मला सांगायचे. तेसुद्धा चपला घालता घालता.

धाकट्या दिराचं लग्न ठरलं. आम्ही रत्नागिरीकडचे, लग्न गावी होतं. तिथे पोचले, मांडवात शिरले, तर वर-वधूच्या बैठकीवर माझी चादर. निळा काठ लांबूनच ओळखला मी. महादेवांनी मला न सांगता बॅगेत घातली होती. मी त्यांच्याकडे बघितलं तर म्हणाले, "दोन होत्या ना." बस. मी लग्नघरात एक शब्द बोलले नाही. मुंबईला आल्यावरही नाही. पुढच्या मे महिन्यात गावी गेलो तर अंगणात त्याच चादरीवर आमसुलं वाळत घातलेली. जांभळ्या-काळ्या डागांनी पार भरलेली. जावेने हसत हसत दाखवली, मोठी आहे म्हणून बरी पडते म्हणाली. तिचा काय दोष? तिला ती वाळवणाला मिळाली, तिने वाळवण घातलं.

मग संप आला. ते दिवस मी इथे उगाळत बसणार नाही, आमच्या चाळीतल्या प्रत्येक खोलीत ते तेच होते. पितळेची भांडी गेली, माझ्या कानातलं गेलं. एक दिवस महादेव ट्रंक उघडून बसले आणि उरलेली चादर बाहेर काढली. दादरला कुणीतरी घेणारा भेटला होता. मी त्यांच्या हातातून ती ओढून घेतली. हो — ओढून. म्हटलं, मी रात्रंदिवस फॉल लावेन, बोटं फुटली तरी लावेन, पण ही जाणार नाही. मला वाटतं त्यांना त्या दिवशी कशासाठीही भांडायचं त्राण नव्हतं. चादर राहिली. आणि त्या दिवसापासून ती माझी झाली. हे मी कुणाला सांगितलं नाही, त्यांनाही नाही. पण माझ्यापुरतं ठरलं होतं.

गिरणी परत काही धड चालली नाही. महादेवांनी वॉचमनची नोकरी धरली, वर्षं गेली, सासरे गेले, प्रज्ञा शिकली, नोकरीला लागली. घरात बऱ्यापैकी सुबत्ता आली. हे लक्षात घ्या — सुबत्ता आली होती. कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, बिचारी गरिबीने अशी झाली. तसं नव्हतं. चादर विकत आणायला आम्हाला कुठे हात पसरायला लागणार नव्हता.

आणि महादेव पडले. सकाळी दाढी करता करता पडले. लकवा. डावी बाजू पूर्ण गेली. बोलणं जड झालं, पण कळायचं. खिडकीजवळची खाट त्यांची झाली, आणि त्यांचं सगळं मी करू लागले. सगळं म्हणजे काय ते ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. दिवसातून किती वेळा चादर बदलायला लागायची! मी माझ्याकडच्या सगळ्या जुन्या चादरी काढल्या. मधोमध शिवलेल्या. मला उलट बरं वाटलं, इतकी वर्षं जपून ठेवल्या त्या कामाला आल्या. धुवायच्या, वाळवायच्या, घालायच्या.

ते म्हणायचे, "शिवण टोचते."

आता तुम्हाला समजलं असेल. निरोगी माणूस कूस बदलतो, त्याला शिवण कुठे लागली कळतसुद्धा नाही. पण जो पाठीवर पडला तो पडलाच, त्याच्या बरोबर कण्याखाली ती येते. मी घट्ट शिवायचे हो. दुहेरी दुमड घालून. सगळी चाळ माझ्या शिवणीचं नाव काढायची. त्यांच्या पाठीवर तिचा वळ उठायचा — लाल, सरळ, मानेच्या खालपासून कमरेपर्यंत. पुसताना मला दिसायचा. एकदा मी वर गोधडी घालून बघितली, तर ते घामाघूम झाले. काढून टाकली.

एका संध्याकाळी मी त्यांच्या उशीचा अभ्रा बदलत होते. प्रज्ञा नुकतीच ऑफिसातून आली होती, दारात चपला काढत होती.

"सुमन," ते म्हणाले, "ती पांढरी घाल ना."

"कुठली?"

"आपली. अव्वल. तिला शिवण नाही."

मी मान वर केली नाही. अभ्र्याचं टोक नीट बसवलं आणि म्हटलं, "ती उंदरांनी खाल्ली."

"उंदरांनी?" त्यांना एकेक शब्द ओढून काढायला लागायचा. "पत्र्याच्या ट्रंकेत?"

"हो."

ते थोडा वेळ माळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं."

प्रज्ञा आत येत म्हणाली, अरेरे, कधी गं? मी उद्या दादरहून नवी मऊ चादर आणते बाबांना. मी म्हटलं, नको, कशाला, खराबच व्हायची. ती म्हणाली, होऊ दे ना खराब. मी तिला गप्प केलं. माझ्या घरात कापडाच्या बाबतीत कुणी मला विचारल्याशिवाय काही करायचं नाही, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

बरीच वर्षं मी मनाशी म्हणत आले की काटकसर होती ती. सवय होती. हात तसाच वळला होता — चांगलं ते ठेवायचं, फाटकं ते वापरायचं. आणि अव्वलवर डाग पडले असते, नाही का? पण डाग काढणार कोण होतं? मीच. धुणार कोण होतं? मीच. रोजच्या एवढ्या धुण्यात एक चादर मला जड होती? नव्हती. तेव्हा तेही खरं नाही. मग काय खरं आहे?

हे खरं आहे, की त्या दिवशी मी "नाही" म्हटलं आणि मला बरं वाटलं. उभ्या संसारात पहिल्यांदा त्यांनी मला काहीतरी विचारलं होतं. घालशील का, म्हणून. पहिल्यांदा एखादी गोष्ट द्यायची की नाही हे माझ्या हातात होतं, आणि त्यांना उठून माळ्यावर चढता येत नव्हतं. मला मांडव आठवला. आमसुलांचे डाग आठवले. "दोन होत्या ना" आठवलं. माझी चादर होती ती. मी दिली नाही.

एवढ्यावर थांबता आलं असतं मला. कबुली झाली, असं म्हणून पदर खोचून उठता आलं असतं. पण अजून एक आहे — आणि खरं सांगायचं तर तेवढ्याचसाठी मी हे सगळं बोलायला घेतलं.

पाऊस संपला की मी दर वर्षी ट्रंकेतल्या कपड्यांना ऊन दाखवायचे. त्या वर्षीही ऑक्टोबर आला, हीट सुरू झाली. प्रज्ञा कामावर गेलेली. महादेव जेवून डोळे मिटून पडलेले. मी स्टुलावर चढून ट्रंक खाली घेतली, अव्वल काढली आणि गॅलरीतल्या दोरीवर टाकली. मोठी चादर, अख्खी दोरी भरली. चिमटे लावले. जरा वाऱ्याने फुगली, मी बघत राहिले. आत आले — तर त्यांचे डोळे उघडे. दार उघडंच होतं, आणि खाटेवरून सरळ गॅलरी दिसायची.

ते बघत होते. निळ्या काठाकडे. स्वतः शिक्का मारलेल्या मालाकडे म्हणा हवं तर. मग माझ्याकडे बघितलं.

मी काय करायला हवं होतं, ते मला कळत होतं. गॅलरीत दोन पावलं जायचं, चिमटे काढायचे, ती आणून त्यांच्याखाली घालायची. तोंडाने काही बोलायचीसुद्धा गरज नव्हती. ते काहीही बोलले नसते. इतकं सोपं होतं.

मी तांदूळ निवडायला बसले.

त्यांनी हळूहळू मान भिंतीकडे वळवली. त्यांना मान वळवायला फार कष्ट पडायचे. चादर संध्याकाळपर्यंत दोरीवर राहिली. ऊन छान होतं. प्रज्ञा यायच्या आत मी ती काढली, घडी केली, ट्रंकेत ठेवली. त्यानंतर ते शिवणीबद्दल एकदाही बोलले नाहीत. कुशीवर वळवताना फक्त डोळे घट्ट मिटायचे.

थंडीत गेले ते. शिवलेल्या चादरीवरच गेले.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर माणसांनी भरलेलं. बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर ठेवायला टेबल लावलं, त्याच्यावर घालायला पांढरं कापड हवं होतं. शेजारणीने आणलेलं नेमकं हळदीच्या डागाचं निघालं. माझी नणंद, वत्सलाताई, म्हणाली, "वहिनी, पांढरं स्वच्छ असं काही आहे का गो घरात?"

आहे, म्हटलं मी. स्टूल घेतलं, वर चढले, ट्रंक उघडली. सगळ्यांच्या देखत अव्वल काढून टेबलावर पसरली. वत्सलाताईने काठ बघितला आणि हंबरडा फोडला, "अगो, ही तर दादाने आणलेली! किती जपलीस गो त्याची वस्तू!" बायका डोळे पुसायला लागल्या. प्रज्ञा फुलांची परडी घेऊन दारात उभी होती. तिने चादरीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"फुलं कुठे ठेवू?" तिने विचारलं.

"तिथेच," मी म्हटलं. "टेबलावर."

तुम्हाला वाटेल की ती नंतर मला विचारेल. मलाही वाटलं होतं. मी उत्तर तयार ठेवून बसले होते, वर्ष दोन वर्षं तरी. तिने विचारलं नाही. उलट हळूहळू तिच्या तोंडून ती गोष्ट यायला लागली — आईने बाबांची आठवण म्हणून जपलेली चादर. आधी एखाद्या मैत्रिणीला, मग नातेवाइकांत. दर वेळी जरा जास्त सुबक. उंदरांचा उल्लेख तिच्या गोष्टीत कधीच नसायचा. ती तिने माझ्यासाठी रचली की स्वतःसाठी, कुणास ठाऊक. मी खोडली नाही.

दरम्यान चाळ रिकामी झाली, आम्ही दोघी टॉवरमध्ये आलो. बाहेर कपडे वाळत घालायचे नाहीत असा इथे नियम आहे, मी घालते. सेक्रेटरी दोनदा येऊन गेले. मी म्हटलं, ऊन काय सोसायटीच्या मालकीचं आहे का?

तर ते प्रदर्शन. शेवटी प्रज्ञाच्या मैत्रिणीने माईक माझ्यासमोर धरला. "मावशी, दोन शब्द बोला ना. या चादरीबद्दल." सगळे वळून बसले. समोर मोबाईल उंचावलेले. माझ्या मनात आलं, सांगावं. आत्ता, इथे. ज्या कापडाला तुम्ही प्रेम म्हणताय त्याने मी एका माणसाची पाठ सोलून काढली आणि जे टांगलंय ते त्याला मिळू दिलं नाही. त्यांचे चेहरे कसे झाले असते! पण मी म्हटलं, "नीळ जास्त घालू नका. काठ मळका दिसतो." लोक हसले, टाळ्या वाजवल्या. भित्री म्हणा. मी नाही म्हणत नाही.

ती मैत्रीण नंतर चादर मागत होती, कायमची, फ्रेम करून लावणार होती कुठेतरी. मी दिली नाही. स्वतः बांबूवरून उतरवली, घडी केली, पिशवीत घातली.

टॅक्सीत प्रज्ञा खिडकीकडे बसली होती. भोईवाड्याच्या सिग्नलला टॅक्सी थांबली तेव्हा ती म्हणाली, "आई, एक विचारू?"

"विचार."

"उद्या तू अंथरुणाला खिळलीस तर तुला कुठली चादर घालू?"

ती माझ्याकडे बघत नव्हती. आवाज अगदी साधा होता, भाजी कुठली आणू विचारतात तसा. म्हणजे तिला सगळं माहीत होतं. त्या फुलांच्या परडीपासून माहीत होतं, आणि तरी इतकी वर्षं ती ते सुबक करून सांगत होती. माझे कान तापले. पण मी मान खाली घातली नाही.

"घरात सगळ्यात जुनी असेल ती," मी म्हटलं.

"शिवणीची?"

"शिवणीची. आणि मी काही मागितलं, तर द्यायचं की नाही ते तू ठरव. मी रागावणार नाही."

तिने माझ्याकडे वळून बघितलं. काहीतरी बोलणार होती. सिग्नल सुटला, ड्रायव्हरने गाडी काढली, आणि तिने पर्समधून मोबाईल काढून त्यात मान घातली. तिने ते बोलणं परत काढलेलं नाही. पण ती गोष्ट सांगायचंही बंद केलंय तिने. मागच्या रविवारी वत्सलाताई आली होती, चादरीचं निघालं, तर प्रज्ञा उठून चहा ठेवायला गेली.

मी काय केलं ते सांगते आणि संपवते. त्याच दिवशी घरी आल्यावर चादर माझ्या पलंगावर अंथरली. तेव्हापासून तीच असते. आठवड्याला धुते, त्याच दिवशी वाळवून परत घालते. ट्रंक भंगारवाल्याला दिली. प्रज्ञा खोलीत येते, बघते, जाते.

आणि तुम्हाला वाटत असेल, की हिला तिच्यावर झोप कशी लागते. अंग टाकल्यावर तो माणूस डोळ्यांसमोर येत असेल, भिंतीकडे मान वळवलेला. येतो. रोज येतो. पण कापड फार चांगलं आहे हो — मऊ, थंड, पाठीला कुठे काही लागत नाही. मी त्या माणसाकडे बघत पडते, आणि मला झोप लागते.